गुरुवारची दुसरी पाळी

हूरामधल्या त्या हॉटेलच्या तळघरात
लाँड्रीच्या दारावरून जिना उतरतो.
आधी इस्त्रीची वाफ, मग बिअरचा वास,
मग ते चौघं.
'सेकंड शिफ्ट' हे नाव त्यांना शोधावं लागलं नाही.
रोलांडो दिवसा चिलर दुरुस्त करतो,
इनास शाळेची बस चालवतो, रात्री ड्रम,
बेसवरचा सजीवन फार्मसीत गोळ्या मोजतो,
आणि मांडीवर दरबुका घेतलेला जासिम
कस्टम्समधून थेट येतो, शर्टावर अजून बिल्ला.

मी ड्रायडॉकमध्ये स्टोअरकीपर.
नट, बोल्ट, गॅस्केट. मोजायची खोड जात नाही.
म्हणून वही ठेवलीय: तारीख, माणसं किती,
गाणं कुठून निघालं, किती मिनिटं भटकलं,
परत आलं की नाही.
आज माणसं अकरा. त्यातला एक झोपलेला.

पहिल्या सेटमध्ये ते बिननावाचं गाणं.
माझ्या वहीत त्याचं नाव 'क्रेन',
कारण ते वर जातं
आणि मग बराच वेळ नुसतं लोंबकळतं.
आज नऊ मिनिटांतच आटोपलं.
रोलांडोची एक तार झणझणत होती,
प्रत्येक सुरामागे एक माशी,
आणि तो गिटारकडे असा बघत होता
जसं गळक्या कॉम्प्रेसरकडे बघावं.

मध्यंतरात तो पाना घेऊन बसला.
तीन वर्षांत मी त्याच्याशी बोललो नव्हतो.
टाळ्या वाजवायच्या, निघायचं.
आज हात मध्ये घातला.
मोडक्या इंग्रजीत म्हणालो, राहू दे,
आमच्या गावात या माशीचे पैसे घेतात.

मग सगळंच सांगावं लागलं.
मिरज. वडील. मांडीवर तंबोरा.
घोडीवर कानस एकदाच फिरवायची,
तार छेडायची, डोळे मिटायचे,
पुन्हा अर्धी कानस.
तारेखाली दोरा सरकवायचा, केसाएवढा,
आणि जागा सापडली की
फळीवरची पितळी भांडी हळूच ओ द्यायची.
त्याला जव्हारी म्हणतात.
मला ती कधी लावता आली नाही, हात जड.
कान तेवढा वाट्याला आला:
किल्ली माझ्याकडे, कुलूप भावाकडे.

त्याला काय कळलं कुणास ठाऊक.
पाना खिशात टाकला.

दुसरा सेट. पुन्हा 'क्रेन'.
एका रात्रीत दोनदा, वहीत असं कुठेच नाही.
चौथ्या मिनिटाला त्याने ती तार एकटीच धरली
आणि सोडलीच नाही.
माशीची मधमाशी झाली,
मधमाशीचं पोळं.
सजीवन खाली एकच सूर देत राहिला,
षड्ज म्हणा, त्याला नावाशी देणंघेणं नव्हतं.
जासिम दर वेळी समेच्या उंबऱ्यापर्यंत यायचा
आणि हसून मागे फिरायचा.
इनासने काठ्या नुसत्या हवेत धरल्या होत्या.
झोपलेला माणूस उठून म्हणाला,
कोण आलं?

दीड वाजता मॅनेजरने दिवे दोनदा मिचकावले.
इनासने ते दोन ठोके धरले
आणि तिसऱ्यावर सगळे एकदम समेवर.
मी 'क्या बात है' ओरडलो.
मराठी माणूस तेवढ्यापुरता हिंदीतच ओरडतो.

वर आलो तर चष्म्यावर वाफ.
ऑगस्ट, रात्रीचे दोन, छत्तीस अंश.
रस्ता नाही, नुसते दिवे, पिवळे, सुजलेले.
पुसला नाही.
शवर्मावाल्याचा पंखाही झणझणत होता.

कॅम्पवर प्रभुलिंग घोरत होता.
शुक्रवारचा ओव्हरटाइम, सहाची बस.
वहीत लिहिलं: माणसं अकरा. 'क्रेन', दुसऱ्यांदा.
मिनिटांच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.
मग भावाला फोन लावला. तिकडे साडेपाच.
काय रे, काय झालं?
काही नाही. एक तार छेडून ऐकव.
म्हणाला, दुकान दहाला उघडतं.
तेव्हा तू कामावर असशील.

म्हटलं, असेन. स्टोअरमध्ये.
लाव.